रशियनचं एक वर्ष कमी

हेमराज कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जात नसे. त्या रविवारी तो अहिल्याबाईंकडे आला तेव्हा त्याच्या पिशवीत तीन वस्तू होत्या: घरच्या तांदळाची थैली, कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून टाइप करून आणलेला स्टॅम्प पेपर आणि एक कोरा करकरीत रबरी शिक्का. तांदूळ त्यानं स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला, बाकीच्या दोन वस्तू बाईंच्या पुढ्यात टेबलावर मांडल्या आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. किरनापुरात त्याचं पाण्याचे पंप आणि मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. दुसऱ्याच्या घरी तो नेहमी असाच बसायचा, कपड्यांना ऑइल लागलेलं आहे असं धरून.

अहिल्याबाईंनी शिक्का उलटा करून वाचायचा प्रयत्न केला. जमेना, तेव्हा कालच्या वर्तमानपत्रावर उमटवून पाहिला. गोलाच्या कडेनं हिंदीत लिहिलं होतं, ‘रशियन भाषा संस्थान, बालाघाट’. मधोमध ‘संचालिका’.

“हे संस्थान कुठं आहे हो, हेमराज?”

“इथंच जी. टेबल आहे, पुस्तकं आहेत, तुम्ही आहा. अजून काय पायजे संस्थानले?”

बाईंना हसू आवरेना. पण यात हेमराजचं तरी काय चुकलं? बालाघाट हे जिल्ह्याचं ठिकाण. इथं माणूस जन्मला तरी शिक्का आणि मेला तरी शिक्का. ज्या कागदावर गोल शिक्का नाही तो भजी बांधायला, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यातून हेमराजच्या मुलीचा, श्रुतिकाचा प्रवेश अडला होता एका कागदावर. मग त्यानं शिक्क्यापासूनच सुरुवात केली यात नवल नव्हतं.

अहिल्याबाईंनी स्टॅम्प पेपर हातात घेतला आणि त्यांचं हसू थांबलं. ‘मैं शपथपूर्वक कथन करती हूँ कि कुमारी श्रुतिका ने कक्षा नौवीं से बारहवीं तक लगातार चार वर्ष मुझसे रशियन भाषा का अध्ययन किया है.’ टायपिस्टनं ‘लगातार’ हा शब्द ठळक केला होता.

“लगातार?” बाई म्हणाल्या.

हेमराजनं नजर शिक्क्यावर ठेवली. “एका सालाचा तर सवाल आहे, बाई.”

ते एक साल कुणामुळे बुडालं हे दोघांनाही माहीत होतं, आणि हेमराज भला माणूस असल्यामुळे ते बोलत नव्हता. बाईंना तेच जास्त लागलं.

अहिल्याबाई मूळच्या भिलाईच्या. वडील पोलाद कारखान्यात, शेजारी रशियन इंजिनियरांची घरं, त्यामुळे ती भाषा त्यांच्या कानावर पाळण्यापासून. पुढे त्या रीतसर शिकल्या आणि वीस वर्षं त्यांनी कारखान्यात यंत्रांच्या रशियन पुस्तिकांची भाषांतरं केली. छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा सिंचन खात्यातल्या त्यांच्या यजमानांच्या, गुणाकरांच्या, वाट्याला मध्य प्रदेश आला आणि बदली बालाघाटला झाली. बाईंची नोकरी सुटली. वैनगंगेकाठच्या या गावात रशियन कुणाला हवी होती? ती कपाटात जाऊन बसली.

चार वर्षांपूर्वी हेमराज त्यांच्या विहिरीची मोटार काढायला आला होता. कपाटातली पुस्तकं बघून त्यानं विचारलं, “हे कोणती भाषा होय?” बाईंनी सांगितलं. त्याच आठवड्यात श्रुतिकाच्या शाळेत बाहेरून कुणी सर येऊन सांगून गेले होते की परकीय भाषा शिका, पुढे कॉलेजच्या प्रवेशाला तिचं वजन पडतं. बाकीचे पालक मोबाइलवर फ्रेंच आणि जर्मन शोधत बसले. हेमराजनं एवढंच विचारलं, “फॉरेन आहे ना जी? मंग झालं.” आणि नववीतली श्रुतिका आठवड्यातून तीनदा शाळा सुटल्यावर बाईंकडे येऊ लागली. शिकवणी तासाभराची, साडेपाचची बस किरनापूरची.

ती दहावीत गेली आणि जुलैत गुणाकर वारले. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेले. तेरावं झाल्यावर श्रुतिका नेहमीच्या वेळेला आली तेव्हा अहिल्याबाईंनी तिला दारातूनच परत पाठवलं. “आता नको, बाळ. माझ्याच्यानं होणार नाही.” पोरगी उभीच राहिली, म्हणून त्यांनी कपाटातून हाताला लागली ती पंपांची जुनी पुस्तिका काढून तिला दिली आणि दार लोटून घेतलं. पुन्हा कधी ये, हे त्या बोलल्या नाहीत, कारण त्यांच्या मनानं ते संपलं होतं.

अकरा महिन्यांनी श्रुतिका आपण होऊन दारात आली आणि रशियनमध्ये म्हणाली, “आपण सुरू करायचं का?” बाईंनी विचार करायच्या आत त्यांच्या तोंडून रशियनमध्येच उत्तर गेलं. तिथून बारावीपर्यंत तास चुकला नाही. मधल्या वर्षी तू काय केलंस, हे मात्र बाईंनी तिला कधी विचारलं नाही. विचारायची लाज वाटत होती.

आणि आता हा अर्ज. पुण्याजवळच्या एका नव्या विद्यापीठात भाषांतराचा चार वर्षांचा अभ्यासक्रम होता, जागा तीस. श्रुतिकानं सगळ्या जगात तेवढी एकच गोष्ट मागितली होती. प्रवेशाच्या शंभर गुणांतले वीस शाळेच्या वर्षांत शिकलेल्या परकीय भाषेचे. नववी ते बारावी सलग शिकलेल्याला पूर्ण वीस, खंड पडला असेल तर दहा. खंडाच्या काळातही अभ्यास चालू होता असं दाखवून पूर्ण वीस मागायचे असतील, तर कुणी शिकवलं त्याचं नाव, पात्रता आणि फोन नंबर द्यायचा. भाषेच्या मुख्य शिक्षकानं पत्र लिहायचं. मुदत गुरुवारपर्यंत. मागच्या वर्षीच्या यादीत शेवटचा मुलगा आणि बाहेर राहिलेला पहिला मुलगा यांच्यात अर्ध्या गुणाचं अंतर होतं, हे श्रुतिकानंच बाईंना सांगितलं होतं.

“हेमराज, मी उद्या सांगते,” बाई म्हणाल्या.

“हौ, सांगा. घाई नाही,” हेमराज म्हणाला आणि घाईनं उठून गेला.

सोमवारी श्रुतिका आली. आज ती पुस्तक न उघडताच बसली. सतरा वर्षांची पोर, पण मोठ्या बाईसारखा पदर सावरावा तशी ओढणी सावरत होती.

“मॅडम, पप्पांनी ते स्टॅम्पचं केलं, मला नव्हतं माहीत. पण सच बोलू? तुम्ही सही केली तर बरंच होईल. कोण बघायला येतंय इथं?”

“आणि विचारलंच कुणी, की दहावीत काय शिकलीस?”

“बोल देंगे कुछ.”

“खरं काय केलंस त्या वर्षी?”

श्रुतिकानं खांदे उडवले. “काही नाही, मॅडम. दहावी होती. शाम को पप्पांच्या दुकानात बसायचे. ती तुमची पुस्तिका होती ना, ती घेऊन टाइमपास.”

अहिल्याबाईंना त्या दिवशी शिकवणं जमलं नाही. एक सही केली तर पोरीचं भलं होतं. आणि वर्ष आपण बुडवलं, तर भरपाई म्हणून एक खोटं बोलायला आपलं काय जातं? पण वीस वर्षं त्यांनी जे कागद लिहिले त्यातल्या एका आकड्यात चूक झाली असती तर भट्टीवर माणूस भाजला असता. जे झालंच नाही ते कागदावर लिहायला त्यांचा हातच उचलेना. शेवटी त्यांनी ठरवलं की नाही म्हणायचं. आणि नाही म्हणायचं तर हेमराजच्या दारात जाऊन म्हणायचं, निरोप पाठवून नाही.

मंगळवारी दुपारी त्या बसनं किरनापूरला उतरल्या. दुकान शोधायला वेळ लागला नाही. बाहेर चार मोटारी उघड्या पडल्या होत्या. हेमराज आत एका शेतकऱ्याशी बोलत होता. बाई पायरीशीच थांबल्या, बोलणं संपू दे म्हणून.

“बेरिंग गेली आहे,” हेमराज गिऱ्हाइकाला म्हणाला. मग मागे वळला, मांडणीवरच्या प्लास्टिकच्या डब्यांवरून बोट फिरवत स्वतःशीच पुटपुटला, “पद्शीपनिक, पद्शीपनिक…” आणि तिसऱ्या ओळीतला डबा ओढला.

अहिल्याबाईंना वाटलं आपल्या कानांत काहीतरी झालं. पद्शीपनिक म्हणजे बेरिंग. पण भिलाई सुटल्यापासून त्यांनी तो शब्द कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यांनीही तो कुणाला शिकवला नव्हता. शाळकरी पोरीला बेरिंग कशाला शिकवायची? त्या पायरी चढून आत गेल्या. मांडणीवर साठेक डबे होते आणि प्रत्येकावर वहीच्या कागदाची चिठ्ठी, वर रशियन अक्षरं. गाइका, म्हणजे नट. प्रोवोद, म्हणजे तार. मास्लो, म्हणजे तेल. अक्षर श्रुतिकाचं होतं, दहावीतलं, जरा गोलमटोल. चिठ्ठ्या तेलकट होऊन पिवळ्या पडल्या होत्या.

हेमराजनं वळून पाहिलं आणि गडबडला. “बाई! तुम्ही काहून आल्या इथं? मले बोलवायचं ना जी!” त्यानं स्टूल पुसलं, पुन्हा पुसलं.

“हे काय आहे?” बाईंनी डब्यांकडे बोट केलं.

“हे? काही नाही. पोरीनं लावलंते.” गिऱ्हाइकाला बेरिंग देऊन त्यानं वाटेला लावलं आणि मग थोडा ओशाळून सांगू लागला. “तुमच्या घरी तसं झालं अन् शिकवणी बंद झाली. पोरगी घरी येऊन नुसती बसून राहे. मी म्हटलं, थे पुस्तक पंपाचंच आहे ना, मंग मले सांग त्याच्यात काय लिहिलं आहे. मले कामाचं आहे. तं ते रोज संध्याकाळी एक एक डबा घेऊन बसे. मले विचारे, पप्पा, याले काय म्हणतात? मले येत नसे. मंग ते पुन्हा सांगे.”

“वर्षभर?”

“हौ. दिवाळीचे चार दिवस सोडून.”

“नुसते शब्द?”

“पयले शब्द. मंग पुरं वाक्य.” हेमराज हसला, घसा साफ केला आणि समोरच्या उघड्या मोटारीकडे बघून म्हणाला, “नसोस न रबोताएत.”

पंप चालत नाही. उच्चार किरनापूरचा होता, वाक्य बिनचूक होतं.

अहिल्याबाई स्टुलावर बसल्या. अकरा महिने त्यांनी दार लावून घेतलं होतं तेव्हा इथं, या तेलाच्या वासात, त्यांची भाषा रोज संध्याकाळी बोलली जात होती. त्यांना आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली, दोन्ही एकदम. नाही म्हणायला आल्या होत्या हे त्या विसरूनच गेल्या. श्रुतिका शाळेतून येईपर्यंत त्या तिथंच बसल्या आणि ती आल्यावर म्हणाल्या, “अर्ज उघड मोबाइलवर. दहावीच्या वर्षाचा रकाना भर. शिकवणाऱ्याचं नाव, हेमराज.”

“मॅडम!” श्रुतिका म्हणाली.

“बाई, काय करून राह्यल्या तुम्ही?” हेमराज घाबरलाच. “फारम कॅन्सल होईल पोरीचा! पात्रता काय लिहिसान माही?”

“दहावी. मोटार दुरुस्ती, बावीस वर्षांचा अनुभव.”

“पण पप्पांना तर काहीच येत नव्हतं,” श्रुतिका म्हणाली. “एक एक शब्दाला महिना लागायचा, मॅडम. पद्शीपनिकला तर तीन महिने लागले. मी चिडून रडले होते.”

“तेच मी पत्रात लिहिणार आहे,” बाई म्हणाल्या. “स्टॅम्प पेपर नको, शिक्का नको. जे झालं ते.”

आणि त्यांनी ते तसंच लिहिलं, त्याच स्टुलावर बसून, इंग्रजीत, दोन पानं. दहावीच्या वर्षी यजमान गेल्यामुळे मी शिकवणं थांबवलं, चूक मुलीची नाही, माझी आहे. त्या वर्षी तिनं दुकानातल्या साठ डब्यांवर माझी भाषा चिकटवली आणि वडिलांना शिकवता शिकवता माझ्याकडून शिकली असती त्यापेक्षा जास्त शिकली. खाली सही केली. हेमराजनं पत्र हातात धरून खालवर पाहिलं. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण शिक्का नाही हे दिसत होतं, आणि त्याचा चेहरा पडला तो पडलाच.

बुधवारी अर्ज गेला. एप्रिल संपत आला तेव्हा श्रुतिकाची मोबाइलवर मुलाखत झाली, ती बरी झाली असं म्हणाली. त्यानंतर चार दिवसांनी बाईंना तिच्याकडून कळलं की विद्यापीठातून कुणा मॅडमचा हेमराजला फोन आला होता आणि ते दहा मिनिटं बोलले. काय बोलले ते हेमराज घरी कुणाला सांगायला तयार नव्हता. मुलीनं विचारलं तर म्हणे, “काही नाही, पत्ता विचारला.”

पत्ता विचारायला दहा मिनिटं लागत नाहीत. अहिल्याबाईंनी त्याला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तो शेतात पंप काढत होता. एकदा बालाघाटच्या बाजारात तो त्यांना समोरून दिसला आणि भर उन्हात एका कापडाच्या दुकानात शिरला. बाई काय ते समजल्या. या माणसानं फोनवर काहीतरी बोलून पोरीचं नुकसान केलं होतं, निदान त्याला तसं वाटत होतं. आणि त्याला फोनवर कुणी ढकललं होतं? आपणच. स्टॅम्प पेपरवर सही केली असती तर आज पोरीचे वीस गुण जागेवर होते. सचोटी आपली आणि किंमत दुसऱ्याच्या मुलीनं मोजायची, हा कुठला न्याय? असे पंधरा दिवस त्यांनी काढले. श्रुतिका मात्र रोज यायची आणि दोघी काहीच झालं नाही अशा तऱ्हेनं वाचत बसायच्या.

यादी मे महिन्यात एका सकाळी लागली. श्रुतिकानं ती बाईंना फोनवर वाचून दाखवली, नुसता आकडा: सव्वीस. तीस जागांत सव्विसावा नंबर. भाषेच्या रकान्यात वीसपैकी वीस. एवढं सांगून ती रडायला लागली आणि फोन तसाच चालू राहिला.

दुपारी बापलेक पेढे घेऊन आले. हेमराज आजही खुर्चीच्या कडेवरच बसला, पण चेहऱ्यावरचं मळभ गेलं होतं.

“आता तरी सांगा,” बाई म्हणाल्या. “त्या मॅडमना काय सांगितलं होतं?”

हेमराजनं मुलीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “मी खराब करून टाकलंतो जी. थे मॅडम म्हणे, आपने पढ़ाया उसको? तुम्ही लिहून देल्लं होतं, हौ म्हणायचं होतं. पण मले तसं म्हणता नाही आलं. मी म्हटलं, नाही जी, मी नाही शिकवलं. पोरीनंच मले शिकवलं.”

“मग?”

“मंग ते म्हणे, फिर आपने साल भर किया क्या? मी म्हटलं, मी चुकलो.”

“चुकलो म्हणजे?”

“मले आलं असतं तं तिनं सांगणं बंद केलं असतं ना, बाई.” हेमराज सावकाश बोलत होता. “एक शब्द बरोबर आला का डबा बंद, अभ्यास बंद. तिले वाटे झालं. अन् तुमच्या घरी असं झालेलं. मले वाटे, बाई आज ना उद्या दार उघडतीन. तवा पोरगी समदं भुलून गेली असंन तं बाईले अजून वाईट वाटंन. म्हणून मी रोज चुको. ते सांगे, मी पुन्हा चुको. सालभर चुकलो.”

अहिल्याबाईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. त्या दाराआड बसून जगाशी संबंध तोडत होत्या तेव्हा हा माणूस बारा मैलांवर, त्या परत येतील असं धरून, रोज नापास होत होता.

श्रुतिका बापाकडे बघतच राहिली. तिच्या हातातला पेढा तसाच होता.

“पप्पा,” ती म्हणाली, “पद्शीपनिकला तीन महिने लागले होते तुम्हाला.”

“दुसऱ्याच दिवशी आलता,” हेमराज म्हणाला.